आवणीला बाया आल्या नाहीत

रोपाला तिसावा दिवस लागला, तरी सकूबाईच्या शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली नव्हती. भाताचं रोप एकविसाव्या दिवशी उपटावं, फार तर पंचविसाव्यापर्यंत ओढावं. त्यापुढं ते जून होतं, बुडाशी पेर धरतं, मग लावलं तरी त्याला धड फुटवे येत नाहीत. हे तिला कोणी शिकवायला नको होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून अठरा आवण्या तिच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. पण अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की खाचरांत चिखल तयार आहे, वर पाऊस धो धो आहे आणि लावायला एक बाई नाही.

बाया दरसाल वरच्या पाड्यावरून यायच्या. बारकी त्यांची म्होरकी. दहा-अकरा बाया घेऊन सकाळी आठाला ती बांधावर हजर. डोक्यावरून मेणकापडाची खोळ, कासोटा घट्ट, आणि एकदा ओळीत वाकल्या की भाकरीच्या वेळेपर्यंत कोणाची मान वर नाही. सकूबाईनं बांधावर छत्री धरून उभं राहायचं आणि तोंडाचा पट्टा चालवायचा, ही वाटणी ठरलेली होती. "वाक गो वाक! सासऱ्याच्या पाया पडतेस तशी वाक! कंबरेला काय फळी बांधलीस का?" असं ती ओरडायची आणि बाया हसायच्या. बारकी तर सगळ्यांत मोठ्यानं हसायची. आपण गमतीदार बोलतो आणि म्हणून बाया आपल्याकडं खुशीनं येतात, असं सकूबाईचं स्वतःविषयी मत होतं. ते मत खोडून काढण्याची गरज आजवर कोणाला पडली नव्हती.

या साली तिनं निरोप धाडला तर बारकीचं उत्तर आलं, "बघू." त्या 'बघू'चे नऊ दिवस झाले. आणि त्याच नऊ दिवसांत पाड्यावरच्या त्याच बाया शेजारच्या सरिताच्या शेतात, सकूबाईच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर, वाकून आवणी करताना रोज दिसत होत्या. निळ्या-पिवळ्या खोळी पाठमोऱ्या सरकत होत्या आणि मागं हिरवं होत होतं. सकूबाईच्या चिखलावर मात्र पाणी निवळून आभाळ दिसत होतं.

दहाव्या दिवशी ती पाडा चढून गेली. वाट सगळी निसरडी, दोनदा हात टेकावे लागले. बारकी ओट्यावर टाकळ्याची भाजी निवडत बसली होती. तिनं बसायला गोणपाट टाकलं, पाण्याचा तांब्या दिला. रीतभात कुठं चुकली नाही.

"कधी येतेस गो? रोप पार जून झालं माझं."

"या सालान नाय जमायचा, वयनी."

"का? कोणी जास्ती देतं बोललंय?"

"नाय."

"मग घरान कोण आजारी हाय?"

"नाय तं."

"मग झालं काय?"

बारकीनं एक देठ मोडला. "नाय जमायचा," ती पुन्हा म्हणाली, तशीच, आवाज न चढवता.

कुडाच्या भिंतीआड, आतल्या अंधारात, तिची रंजिता गुडघ्यांत मान घालून बसलेली सकूबाईला दिसली. वार शुक्रवार होता. "हिला शाळा नाय का आज?" तिनं विचारलं. "पोटान दुखते तिचे," बारकी म्हणाली आणि भाजीची पाटी उचलून आत गेली.

रंजिता नववीत होती. पाड्यावरची आठवीपुढं गेलेली ती पहिली मुलगी. बारकीला त्याचा केवढा अभिमान होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोन वर्षांमागं सकूबाईनं सहज म्हटलं होतं, की पोरीलाही आण आवणीला, अर्धा रोज देईन. त्यावर एरवी हसून बोलणारी बारकी एकदम ताठ झाली होती. "ती नाय वाकायची. तिचे वाटचा मी वाकते," म्हणाली होती. सकूबाईला ते जरा जास्तच वाटलं होतं. तिची स्वतःची अक्षदाही नववीतच, त्याच वर्गात. पण तिनं कधी त्याचा एवढा बडेजाव केला नव्हता.

नवरा ज्ञानेश्वर हायवेवरच्या एका गोडाऊनमध्ये कामाला. पहाटे मोटरसायकलनं आटगाव, तिथून कंपनीची गाडी. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं पाय धुता धुता सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "पैशाला अडल्यात. पन्नास वाढव. आन शेवटच्या दिवशी मटन सांग."

सकूबाईला ते पटलं. पटण्यासारखंच होतं, माणूस अडून बसलं म्हणजे त्याला जास्ती हवं असतं, हा हिशोब तिनं बाजारात शिकलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं किटलीभर चहा केला, वरून ताट झाकलं, प्लास्टिकचे ग्लास घेतले आणि ती सरिताच्या बांधावर गेली. बाया जांभळीखाली भाकरी खायला बसल्या होत्या. पाण्यात भिजून बोटं पांढरी, सुरकुतलेली. पायांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्यावर कुणी हळद लावलेली, कुणी ग्रीस.

"घ्या गो, गरम हाय," ती म्हणाली. कोणी हात पुढं केला नाही. ती रोज वाढवून देईन म्हणाली. आणायला-सोडायला टेम्पो करीन म्हणाली, मटणाचं म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि चावायचा, एवढाच काय तो आवाज. बारकी तर पाठ करूनच बसली होती. पावसाचे थेंब ताटावर पडत होते आणि सकूबाई किटली धरून उभी होती. आपल्या हातचा चहा कोणी नाकारू शकतं, ही गोष्टच तिला नवी होती.

त्यांच्यातली कमळ सगळ्यांत म्हातारी. तिनं शेवटी तोंड उघडलं. "पैशाचा नाय, वयनी. तुझे पोरीला इचार."

सकूबाईनं चहा बांधाखाली ओतून दिला आणि घरी आली.

अक्षदा शाळेतून आल्यावर तिनं विचारलं. "कशाचं काय?" अक्षदा म्हणाली. "मला काय माहीत? त्या पाड्यावरच्या कायपन बोलतात." तिनं दप्तर टाकलं, केस पुसले, जेवायला मागितलं. सकूबाईनं वाढलं. पोर आपली, ती खोटं बोलत असेल असं मनाला वाटत नाही; आणि वाटलं तरी माणूस ते मागं सारतो.

मग ज्ञानेश्वरनं एक दिवस रजा टाकली आणि नवराबायकोनं स्वतःच लावायला घेतलं. पाच खाचरांतलं सगळ्यांत लहान धरलं. सकूबाई आवणी जाणत होती, पण जाणत होती ती बांधावरून. हातानं लावून तिला दहा वर्षं होऊन गेली होती. तासाभरात तिच्या माकडहाडापासून मानेपर्यंत एक तार ताणली गेली. वाकलं की दम लागायचा, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. रोप जून असल्यानं उपटताना मुळं तुटत होती, हाताला काप जात होते. ज्ञानेश्वर तर दर दोन ओळींनी बांधावर जाऊन तंबाखू मळत होता. दिवस मावळता एक खाचर झालं, तेही वाकडंतिकडं. त्या रात्री सकूबाईला न्हाणीत बसून उठता येईना. तिनं भिंतीला धरून हाक मारली तेव्हा अक्षदानं येऊन तिला उठवलं.

सकाळी ती कशीबशी बांधावर आली, तर पलीकडून सरिता आली. सरिता शेजारीण, बोलायला गोड आणि बातमीला त्याहून गोड. तिनं लावलेल्या खाचराकडं एक नजर टाकली, हसू दाबलं आणि म्हणाली, "तुला खरंच ठाव नाय का गो, बाया का येत नायत ते? आख्ख्या गावान फिरला तो व्हिडिओ."

"कसला व्हिडिओ?"

सरितानं पोलक्यातून मोबाइल काढला. तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला होता. ओल्या बोटाला काच ओळखेना, म्हणून तिनं बोट पदराला पुसलं, दोनदा पुसलं, आणि मग तो लागला.

शाळेचा वर्ग होता. बाकं भिंतीला सरकवलेली. मधल्या मोकळ्या फरशीवर रंजिता वाकलेली होती. निळा युनिफॉर्म, डोक्यावरून कोणीतरी प्लास्टिकची पिशवी खोळीसारखी अडकवलेली. तिच्या डाव्या हातात खराट्याच्या काड्यांची जुडी होती आणि ती एक एक काडी फरशीच्या फटीत उभी करत मागं मागं सरकत होती. काड्या पडत होत्या. पडली की ती पुन्हा उभी करायची. भोवती पोरींचे पाय दिसत होते, खिदळणं ऐकू येत होतं. आणि एक आवाज सगळ्यांवर चढून ओरडत होता, "वाक गो वाक! सासऱ्याच्या पाया पडतेस तशी वाक! कंबरेला काय फळी बांधलीस का?"

सकूबाईला क्षणभर वाटलं, आपणच बोलतोय. शब्द तिचे, हेल तिचा, 'वाक'वरचा जोरसुद्धा तिचाच. आवाज तेवढा अक्षदाचा होता. शेवटी रंजितानं मान वर करून मोबाइलकडं पाहिलं आणि तिथं तो संपला.

"पोरी हायत, मस्करी करतात," सरिता म्हणाली. "पन त्या बायांनी मनावर घेतलं. माझ्याकडं येतायत बाबा, मी काय कोणाला बोलत नाय."

सकूबाईला लाज वाटली. व्हिडिओची वाटली आणि तो आपल्याला सरितानं दाखवला याचीही वाटली. जास्त कशाची ते तिला ठरवता येईना.

अक्षदा घरी आली तेव्हा सकूबाईनं दारातच तिच्या कानाखाली वाजवली. अक्षदा रडली नाही. गालावर हात धरून ती आईकडं पाहत राहिली.

"का केलंस?"

"सगळ्याच होत्या."

"आवाज तुझा हाय त्यात!"

"मग?" अक्षदा म्हणाली. "तू नाय का बोलत तसंच? तू बोलतेस तेव्हा त्या हसतात. तेव्हा तुला कोण मारतं?"

सकूबाईचा दुसऱ्यांदा उचललेला हात खाली आला. याला उत्तर असायला हवं होतं. मोठी बाई आणि पोर, शेत आणि शाळा, काहीतरी फरक होता. तिनं तो शोधला, पण तो तिला शब्दांत सापडला नाही. ती चुलीपाशी जाऊन बसली.

ज्ञानेश्वरचं म्हणणं पडलं, की शाळेत जाऊन सरांना मध्ये घालावं. पण सकूबाईला सरांचा नव्हे, रोपाचा घोर होता. पस्तिसावा दिवस उद्यावर आला होता. आणि खरं सांगायचं तर, कुडाआड बसलेली ती पोरही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तिनं सकाळी अक्षदाला शाळेला जाऊ दिलं नाही. हाताला धरलं आणि पाडा चढायला लावला.

बारकी आज कामाला निघायच्या बेतात होती. खोळ खांद्यावर, कोयता कमरेला. मायलेकींना पाहून तिनं दोन्ही काढून ठेवलं. आजूबाजूच्या ओट्यांवर बाया येऊन उभ्या राहिल्या.

"बोल," सकूबाईनं पोरीला ढोसलं.

"चुकलं माझं," अक्षदा जमिनीकडं बघत म्हणाली. "परत नाय करणार."

"कोनाला बोलते ही? मना काय केलान हिनं?" बारकी म्हणाली. "आत हाय ती. तिला बोल."

अक्षदा दारापाशी गेली आणि आतल्या अंधाराला तेच दोन शब्द बोलली. आतून एक कोंबडी तेवढी बाहेर आली.

मग बारकी बोलायला लागली. तिचा आवाज शांत होता, कालच्या भाजीविषयी बोलावं तसा. "पयला दप्तर उचलाया लावला. यष्टीपासून शालेपर्यंत, रोज. मंग डबा धुवाया लावला. मना काय ठावा नाय. पोर बोललीच नाय. मंग ह्यो मोबाइल आला पाड्यावं. मी इचारला, का वाकलीस गो? तू तं माझेसंगं शेतान कदी वाकली नाय, शालेन का वाकलीस? तवा बोलली." बारकीनं अक्षदाकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं. "ही तिला बोलली, नाय केलंस तं तुझे आयेला आवणीला बोलवनार नाय आमची आये. म्हनून वाकली. माझे रोजासाठी वाकली माझी पोर. मंग आमी सगल्या बायांनी ठरवला, तो रोजच नको."

सकूबाईनं पोरीकडं पाहिलं. हे तिलाही नवं होतं. अक्षदाची मान आणखी खाली गेली.

"शाळेत सांगायचं गो," सकूबाई म्हणाली. आपल्या बोलण्यात काही दम नाही, हे तिचं तिलाच कळत होतं.

"गेली व्हती ना मी. चौदा दिस झालं पोर शालेत नाय, कोनी इचारला? सरांनी हजेरी दावली. तिथं लिवलाय, आवणीसाठी गैरहजर. आवणी लागली का पाड्यावरची पोरं येत नायत, म्हनून सरांनी आपलाच लिवलान. घरान पन झाडू हातान घेत नाय ती. पान्याला जाते, पन हंडा उचलाया वाकत नाय, बसून उचलते. मी वाकले का तोंड फिरवते."

पाऊस भुरभुरायला लागला. कोणी आडोशाला गेलं नाही. सकूबाईचे डोळे भरून आले आणि ते तिनं लपवले नाहीत. "मी काय करू ते सांग, बारके," ती म्हणाली. "रोप मरो माझं. तू सांगशील ते करते."

बारकीनं कमळकडं पाहिलं. कमळनं खांदे उडवले, मग मान हलवली.

"तू वर चढून आलीस, पोरीला आनलीस," बारकी म्हणाली. "तुमचे गावातला कोनी इतका बी करीत नाय. शुक्रवारी येव आमी. रोज हाय तोच दे, वाढवू नको. आन बांधावरून बोलायाचा नाय. एक सबूद नाय."

"नाय बोलणार. आन रंजिताला सोमवारपासून शाळेत धाड. ही तिच्या वाटेला जायची नाय, मी बघते."

"ती बगंल तिचा," बारकी म्हणाली.

उतरताना सकूबाईला हलकं हलकं वाटत होतं. माफी मागितली, बाया येणार, पोरीला धडा मिळाला. प्रकरण मिटलं, असंच तिनं ज्ञानेश्वरला सांगितलं आणि चिखल पुन्हा फिरवायला ट्रॅक्टरवाल्याला फोन करायला लावला.

शुक्रवारी आठाला खोळी बांधावरून उतरल्या. जून रोप बघून बायांनी तोंडं वाकडी केली, शेंडे छाटले, एका जागी दोनाऐवजी चार काड्या धरल्या आणि ओळ लावली. कोणी गाणं म्हटलं नाही, कोणी कोणाची टर उडवली नाही. सकूबाई छत्री धरून उभी होती. जीभ सवयीनं वळवळायची, ती दातांखाली धरत होती. डाव्या कडेची ओळ सकाळी बरीच मागं रेंगाळत होती. एरवी तिनं त्या बाईचा उद्धार केला असता. आज ती गप्प राहिली आणि दुपारनंतर ती ओळही सरळ झाली. चार वाजेतो तीन खाचरं हिरवी झाली होती. आता शेवटचं राहिलं होतं. सकूबाईला इतकं बरं वाटलं, की तिनं घरी जाऊन चहा केला, आणि बायांनी तो आज घेतला. डाव्या कडेची बाई मात्र चहाला आली नाही. ती लावतच राहिली.

पाचच्या यष्टीनं अक्षदा आली. घरची वाट शेताच्या बांधावरूनच होती. ती दप्तर सावरत, पाय जपून टाकत अर्ध्या बांधापर्यंत आली आणि थांबली. डाव्या कडेच्या बाईच्या पुढ्यात. सकूबाईनं तिकडं पाहिलं. वाऱ्यानं खोळ मागं पडली होती. खाली निळ्या युनिफॉर्मचा सदरा होता, गुडघ्यापर्यंत वर खोचलेला परकर होता, आणि तोंडावर चिखलाचे शिंतोडे.

सकूबाई चपला टाकून चिखलात उतरली. पोटऱ्यांपर्यंत पाय रुतले.

"बारके, ही कशाला आणलीस गो?"

"मी नाय आनली," बारकी न थांबता म्हणाली. "सकाली उठून खोळ घेतलान. मी नको बोलले. दोनदा बोलले."

"रंजिता, बाय माझे," सकूबाई म्हणाली. "तू हिथं नको. तुझी शाळा हाय. सोमवारी मी सोता तुला सोडाया येते, वर्गापर्यंत येते. ऐक माझं."

रंजितानं मान वर केली. रडलेली नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. अंगातली कळ सोसून झाल्यावर माणूस दिसतं, तशी दिसत होती.

"शालेत पन ह्येच करत व्हती, काकी," ती म्हणाली. "हिथं रोज मिलते."

ती एक पाऊल मागं सरकली, नवी जुडी सोडवली आणि पुन्हा वाकली. बारकीचे हात तेवढे थांबले होते. मग तेही चालू झाले. अक्षदा बांधावर दप्तर छातीशी धरून उभी होती. तिच्याकडं कोणी पाहिलं नाही. सकूबाईला चिखलातून पाय काढता येईना, ती तिथंच उभी राहिली, आणि बाया तिला वळसा घालून लावत मागं गेल्या. दिवस बुडायच्या आत शेवटचं खाचर लावून झालं.